लुमिंगच्या टेबलाचा नियम

मारिकिनातल्या आमच्या गल्लीत ‘इलुमिनादा दिमाकुलांगान’ अशी पूर्ण नावाने कुणी हाक मारली असती, तर लुमिंगनेच इकडेतिकडे पाहिलं असतं, की ही कोण बाई. आम्हा सगळ्यांची ती लुमिंग. जिभेची तिखट, हाताची साफ, आणि शिवणयंत्रावर बसली की खुद्द बिशप दारात आले तरी न उठणारी. ऑगस्ट आला की तिच्या दारात आयांची झुंबड उडायची. शाळाशाळांत भाषा-सप्ताह असायचा, आणि वर्षभर अमेरिकन कार्टूनचे बनियन घालून हिंडणाऱ्या पोरांना एका दिवसापुरतं अस्सल फिलिपिनो व्हायचं असायचं. फुलपाखरी बाह्यांचे झगे, अननसाच्या धाग्याचे सदरे, सगळं लुमिंग भाड्याने द्यायची. दुसऱ्या दिवशी ते देशप्रेम धुऊन, इस्त्री करून परत आणायचं.

आणि याच लुमिंगच्या घरात जेवणाच्या टेबलावर तागालोग, म्हणजे आपली मायबोली, बोलायला बंदी होती; बोलायचं ते इंग्रजीतच! पोरगी, म्हणजे किंबर्ली ऊर्फ किम, शाळेत जायला लागली तेव्हा लुमिंगने नियमच केला. जेवताना जो तागालोगमध्ये बोलेल, त्याने सगळ्यांची भांडी घासायची. आता गंमत अशी, की भांडी जवळजवळ रोज तीच घासायची. मासा करपला, भात सांडला, पाल टपकली की पहिली मायबोलीच तिच्या तोंडातून बाहेर पडायची.

“भांडी! नानाय, भांडी!” आईला नानाय म्हणणारी किम टाळ्या पिटायची.

“घासते गं, घासते. तू आधी सगळा भात संपव,” असं लुमिंग मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणायची.

नवरा आंबो कुबावच्या मार्गावर जीपनी, म्हणजे आमच्याकडची उतारूंची लांबट जीप, चालवायचा. गाडीत हा माणूस असा रंगायचा, की लोक हसता हसता आपला थांबा विसरायचे. पण घरच्या टेबलावर बसला की तोंडाला कुलूप. इंग्रजी येत नव्हतं असं नाही, पण विनोद येत नव्हता. ‘राइस’ आणि ‘थँक्यू’ एवढ्यावर त्याचं जेवण उरकायचं. ते आम्हाला दिसायचं. लुमिंगलाही दिसायचं, ती काही आंधळी नव्हती.

शेजारची नेनिता ही किमची धर्माची आई, म्हणून लुमिंगला ती ‘कुमारे’ म्हणायची. लुमिंगला टोचायचा तिला हक्कच होता. “कुमारे, तुझ्या उंबऱ्यात पाय टाकला की माझ्या नाकातून रक्तच यायला लागतं बघ, एवढं इंग्रजी!”

“मग नको टाकूस. तुझं ते रेड्याचं इंग्रजी ऐकून माझी पोर बिघडायची.”

नियमामागचं कारण मात्र लुमिंगने नेनितालाही कधी सांगितलं नव्हतं. कोवळ्या वयात ती आपल्या गावाहून, लेमेरीहून, शहरात आली, ती एका डॉक्टरच्या घरी कामाला. घरात पाहुणे जेवायला आले की बाईसाहेब तिला स्वयंपाकघरातून बाहेर बोलवायच्या आणि म्हणायच्या, ‘आज काय काय केलंय ते इंग्रजीत सांग बघू.’ लुमिंग सांगायची. पाहुणे पोट धरून हसायचे, आणि बाईसाहेब म्हणायच्या, ‘पुन्हा सांग, यांनी ऐकलं नाही.’ लुमिंगही त्यांच्याबरोबर हसायची, कारण नोकराने रुसायचं नसतं. मग आत जाऊन चुलीपाशी उभी राहायची. माझ्या पोटच्या पोराला कुणी असं हाक मारून बाहेर काढणार नाही, ही शपथ तिने तिथेच घेतली.

नियमातून एक पळवाटही तिनेच ठेवली होती. दर शनिवारी ती आंबोचा डबा किमच्या हातात द्यायची, पोरीला जीपनीत पुढच्या बाकावर बसवायची आणि अंधार पडेपर्यंत परत बोलवायची नाही. गाडीत बापलेक काय बोलतात हे तिने कधी विचारलं नाही. पण त्या दिवशी पोर घरी यायची ती गालांत हसू दाबत, तोंडात बापाच्या चावट म्हणी, आणि लुमिंग यंत्राची खडखड जरा वाढवायची, म्हणजे आपल्याला ऐकू आलं असं व्हायला नको.

पोरगी हुशार निघाली. शिष्यवृत्ती मिळवून कॅलिफोर्नियाला गेली. ती तिकडे असतानाच आंबो गेला. तिने बापाचं शेवटचं तोंड फोनच्या पडद्यावर पाहिलं. लुमिंगने तेही गिळलं. शिकायला पाठवलंय, तर शिकू दे.

काही वर्षांनी पोरगी परत आली, तेव्हा तिचं नावच बदललेलं होतं. हे लुमिंगला कळलं ते पोरीच्याच भाषेवरच्या एका व्याख्यानाच्या निमंत्रणपत्रिकेवरून. “ही हिराया कोण गं?” तिने विचारलं.

“मीच, नानाय. किंबर्ली हे गोऱ्यांचं नाव आहे.”

“गोऱ्यांचं कसलं, मी ठेवलंय ते. प्रसूतीच्या कळा देत असताना ठरवलं होतं.”

“तेच तर म्हणतेय मी,” असं काहीतरी पोरगी इंग्रजीत म्हणाली, आणि तो विषय तिथेच राहिला.

मग तिने टेबलावर केळीची पानं अंथरली. चमचे-काटे बाजूला. आपल्या पूर्वजांसारखं हाताने जेवायचं, बोटं अशी धरायची, अंगठ्याने घास असा ढकलायचा, हे ती आईला शिकवू लागली. लेमेरीत लुमिंग जन्मापासून हातानेच जेवलेली! नेनिता दारातून बघत होती. ती म्हणाली, “कुमारे, नीट शीक हो. अमेरिकेहून आलंय.” लुमिंग मुकाट्याने जेवली, कारण पोर समोर बसून जेवत होती आणि तिला तेवढं पुरेसं होतं.

एके दिवशी पोरगी आईसमोर फोन ठेवून बसली. “नानाय, मकातीत माझं मोठं भाषण आहे. परदेशातल्या एका संस्थेची माणसं येणार आहेत, मला पुढची सगळी कामं देणं त्यांच्या हातात आहे. मला आपल्या घराबद्दल बोलायचंय. तो नियम, भांडी, सगळं. सांगशील?”

लुमिंगने सुई पिनकुशनमध्ये खोचली. “नियमाचं सांगणार?”

“हो.”

“मग डॉक्टरच्या बाईचंही सांगायचं.” आणि आजवर आंबोशिवाय कुणाला न सांगितलेलं तिने पोरीला सांगितलं. पाहुणे, हसणं, ते ‘पुन्हा सांग’. शनिवारच्या डब्याचंही सांगितलं. पोरगी रडली. खोटं कशाला बोला, त्या दिवशी खरंच रडली.

“हे बघ,” लुमिंग म्हणाली, “मला लाज वाटते, तरी सांग. पण सांगायचं तर सगळं सांग. अर्धं सांगितलंस तर मी राक्षसीण ठरेन.”

“शप्पथ, नानाय. सगळं सांगेन.”

त्या शपथेच्या जोरावर लुमिंगने पोरीसाठी झगा शिवायला घेतला. हस्तिदंती रंगाचा, ताठ फुलपाखरी बाह्यांचा. भाड्याचा नाही, पोरीचा स्वतःचा. गल्लीत प्रत्येकीला बोलवून दाखवला. “माझ्याबद्दल बोलणार आहे,” असं ती ज्याला त्याला सांगत सुटली. इतकी हलकी झालेली लुमिंग आम्ही कधी पाहिली नव्हती.

मकातीतला तो हॉल इतका गार, की नेनिताने पिशवीतून टॉवेल काढून खांद्यावर घेतला. पुढच्या रांगेत परदेशी पाहुणे, त्यांच्यामागे आपलीच बडी मंडळी, उंची कपडे घातलेली. लुमिंग आणि नेनिता कडेला बसल्या. हिराया तो झगा घालून उभी राहिली आणि लुमिंगचा ऊर भरून आला.

पोरगी अस्खलित इंग्रजीत बोलू लागली. टेबलाचं सांगितलं, भांड्यांचं सांगितलं. आपला बाप स्वतःच्या घरात मुका होऊन जगला आणि मुकाच मेला, असं सांगितलं. “माझी जीभ कुणा गोऱ्या शिपायाने नाही कापली,” ती म्हणाली, “माझ्या आईने कापली, भात वाढता वाढता. आज मला माझी भाषा धड समजतसुद्धा नाही.” हॉलमध्ये कुणीतरी हुंदका दिला.

लुमिंग वाट पाहत होती. आता डॉक्टरची बाई येईल. आता येईल. निदान शनिवार तरी येईल. आंबोचं ऐकून तिला लागलं, कारण त्यात खोटं नव्हतं; पण शनिवार सांगितला असता तर ते खरं पुरं झालं असतं. पोरीने मान लववली. भाषण संपलं. ना चूल आली, ना जीपनी.

“झालं?” नेनिता कुजबुजली. “एवढंच?”

पुढच्या रांगेतली एक पांढऱ्या केसांची पाहुणी उठली. फार गोड आवाजात म्हणाली, “आई इथे आल्या आहेत ना? त्यांना काय वाटतं ते ऐकायला आवडेल.” सगळ्या माना वळल्या. माइक लुमिंगच्या हातात आला.

इंग्रजी तिला येत होतं, आयुष्यभर त्याच्यासाठीच तर राबली होती. पण त्या क्षणी इंग्रजीत बोलणं म्हणजे पुन्हा पाहुण्यांसमोर उभं राहणं. शिवाय हॉल आपल्याच माणसांनी भरलेला. कळायचं त्यांना कळेल. ती लेमेरीच्या ठसक्यात, आपल्या तागालोगमध्ये बोलली.

“मी माफी मागायला उभी नाही. मला एका बाईने पाहुण्यांपुढे माकडासारखं नाचवलं होतं, इंग्रजी येत नाही म्हणून. माझ्या लेकीला कुणी नाचवू नये म्हणून मी तो नियम केला. चुकला असेल. नवरा गप्प झाला, ते मला रात्रंदिवस टोचतं. पण दर शनिवारी मीच तिला बापाच्या गाडीत बसवत होते, भाषा शिकायला. हे सगळं मी तिला सांगितलंय. तिने ते का वगळलं, ते तिला विचारा.”

परदेशी पाहुणे भाषांतराच्या आशेने हिरायाकडे बघू लागले.

“माझ्या मोडक्या तागालोगमध्ये जमेल तसं सांगते,” हिराया इंग्रजीत म्हणाली. डोळे पुसले. “आई म्हणते, की तिला त्या काळी काही कळत नव्हतं. तिच्या हातून चूक झाली. ती माझी आणि तुम्हा सगळ्यांची क्षमा मागते.”

लुमिंगला प्रत्येक शब्द समजला. तिने मागच्या रांगांकडे पाहिलं. तिथे बसलेल्या प्रत्येकाला दोन्ही भाषा येत होत्या. कुणी पेल्यात बघत होतं, कुणी गळ्यातली साखळी नीट करत होतं. परक्यांसमोर आपल्या माणसाला खाली पाहायला लावायचं नाही, ही आपली जुनी रीत. सगळे मूग गिळून बसले. नेनिता तेवढी उठून ओरडली, “अगं, ती असं काही म्हणाली नाही!” पण तोवर पाहुणे उभे राहून टाळ्या वाजवत होते, आणि पाहुणे उभे राहिले म्हणून आपली मंडळीही उभी राहिली.

आपलेच दात अन् आपलेच ओठ, तक्रार न्यायची कुणाकडे? डॉक्टरच्या बाईने हसं केलं होतं, पण निदान तोंडात शब्द तरी लुमिंगचेच राहू दिले होते.

हिराया खाली उतरून आली. आईचा उजवा हात उचलून तिने कपाळाला लावला. कपाळाला हात टेकला की थोराने ‘देव तुझं भलं करो’ म्हणायचं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. कॅमेरे चमकत होते. लुमिंगच्या तोंडून ते शब्द काही निघेनात.

“किम,” ती हळूच म्हणाली, “मी काय बोलले ते तुला खरंच कळलं नाही?”

पोरीने कपाळ हातावरून उचललं नाही. एकाही शब्दाला न अडखळता, स्वच्छ तागालोगमध्ये ती पुटपुटली, “कळलं गं, नानाय. सगळं कळलं. आता जरा हस ना, फोटो काढतायत.”