पल्याडचं रक्त

आधी ती तुमचं मनगट धरायची. स्वेटर दाखवणं, भाव सांगणं हे सगळं मागाहून. तुमची बाही वर सारायची, दोन बोटं मनगटावर टेकवायची आणि मोठ्या डॉक्टरसारखा चेहरा करून निकाल द्यायची, "थंडा हाय बे. घाल मंग."

बुलढाण्यात ज्यांनी दोन-चार हिवाळे काढलेत त्यांनी तिला पाहिलं असणारच. दिवाळी आटोपली की मैदानावर तिबेटी लोकांची स्वेटरची दुकानं लागतात. त्यात कोपऱ्यावरचं तिचं. तिचं नाव कोणी विचारलं नाही, सगळे अम्मा म्हणत. हे लोक राहायला विदर्भाच्या पार दुसऱ्या टोकाला, गोंदियाकडच्या वसाहतीत. स्वेटर लुधियानाचे. आणि अम्माची बोली मात्र अर्धी हिंदी, अर्धी जवळच्या धाड गावच्या बाजारातली. बाजाराच्या दिवशी ती जीपच्या टपावर गठ्ठा टाकून धाडला जायची. तिथल्या पोरांनी तिला 'का रे'च्या जागी 'काऊन बे' शिकवलं, पण ते कोणाला म्हणायचं नि कोणाला नाही, हे शिकवायचं राहून गेलं. त्यामुळे भाव कमी करा म्हटलं की समोर शाळकरी पोरगं असो की कोर्टातले साहेब, ती सारख्याच आदराने विचारायची, "काऊन बे?" साहेब आधी चमकायचे, मग हसायचे आणि तिने सांगितलेला भाव देऊन स्वेटर घेऊन जायचे.

मी देऊळघाटचा. बुलढाण्यातल्या एका लॅबमध्ये रक्त काढायचं काम करतो. लोकांचे हात धरण्यात माझाही जन्म चाललाय, म्हणून आमचं जमलं असावं. "तू भी हाथ पकडतो, मी भी पकडते," ती म्हणायची. "पर माझ्या दुकानात कोई रडत नाय."

एवढ्या लांबून बाई येते, तिला एकदा जेवू घालू, असं माझ्या आईने मनावर घेतलं. अम्मा घरात आली, भिंतीशी बुद्धाची मूर्ती पाहिली आणि जमिनीवर सपशेल पालथी पडली. आम्ही बौद्धच, पण आमचं वंदन गुडघे टेकून, हात जोडून. आई ओरडली, "अरे धाव रे, बाईले चक्कर आली!" मी पाण्याचा तांब्या घेऊन पोचेपर्यंत अम्मा उठली आणि पुन्हा तशीच पडली. तिसऱ्यांदा पडली तेव्हा कुठे आमच्या डोक्यात उजेड पडला. नंतर दोघी डोळ्याला पदर लावून हसत होत्या. म्हणजे पदर आईचा, अम्माने तिचंच टोक घेतलं होतं.

जेवताना आईने विचारलं, "घरी कोन कोन हाय तुह्या?"

"इधर कोई नाय. नवरा गेला. उधर बहन."

मग तिने सांगितलं. ती लहान असताना बाप तिला घेऊन डोंगर ओलांडून इकडे आला. आई आधीच वारली होती. धाकटी बहीण नुकती पावलं टाकायला लागलेली. खिंडीतून लपूनछपून यायचं, पोर रडलं तर सगळेच धरले जायचे. म्हणून तिला मावशीकडे ठेवायचं ठरलं. पाठीवर बांधून तिला मावशीच्या दारात पोचवलं ते अम्मानेच. पुढे ना चिठ्ठी, ना निरोप.

"सोई थी," अम्मा म्हणाली. "रडली असती तर मी सोडली नसती."

आईच्या हातातली भाकरी तशीच राहिली. मीही खाली बघत जेवलो.

त्यानंतरच्या एका हिवाळ्यात दूरच्या मोठ्या शहरातून एक डॉक्टरबाई आल्या. बाई सालस होत्या, चहा घेतल्याशिवाय कोणाच्या दुकानातून उठल्या नाहीत. थंड डोंगरातले लोक आमच्या विदर्भाच्या उन्हात दोन-दोन पिढ्या राहिले, तर त्यांच्या रक्तात काय फरक पडतो, हे त्यांना पाहायचं होतं. पुढे त्यातून आजारांवर काही सापडेल, असं त्यांनी समजावून सांगितलं. रक्त काढायला आमच्या लॅबमधून मला नेलं होतं.

दुकानदार तयार होईनात. आधीच यांचं जिणं निर्वासिताच्या कार्डावर आणि शिक्क्यांवर चाललेलं. रक्तात काही भलतंच निघालं आणि त्यावरून उद्या कोणी 'चला, उठा इथून' म्हटलं तर? डॉक्टरबाईंनी शब्द दिला की नळीवर कोणाचंही नाव राहणार नाही. तरी कोणी पुढे येईना.

अम्माचं लक्ष भलतीकडेच होतं. "उधर का खून भी है तुम्हारे पास?"

"आमच्याकडे नाही, पण दुसऱ्या संशोधकांनी घेतलंय. त्याची माहिती आहे."

"और ये उससे मिलाएंगे?"

"हो, मिलवून बघणार. तेच तर काम आहे."

अम्मा उठली, माझ्यासमोरच्या खुर्चीत बसली आणि स्वतःची बाही स्वतःच वर सारली. मी नळी भरली तर म्हणाली, "और ले. दो ले." मग दंडावर कापूस दाबून ती दुकानादुकानांतून फिरली. त्यांच्या भाषेत काय काय बोलली देव जाणे, मध्ये एकदा माझ्याकडे बोट करून हिंदीत म्हणाली, "नाम नहीं लिखते, डरना नहीं." तिच्या शब्दावर सगळे एकेक करून येऊन बसले. डॉक्टरबाईंनी तिचे दोन्ही हात हातात घेतले. अम्माने विचारलं, कधी कळेल? बाई म्हणाल्या, एक-दोन वर्षं तरी लागतील. अम्मा हसली. तिने त्याहून कितीतरी जास्त वाट पाहिली होती.

पुढच्या हिवाळ्यात गठ्ठे सोडायच्या आधी ती लॅबमध्ये हजर. "मिली क्या?"

मला वाटलं रिपोर्ट विचारते आहे. म्हटलं, "अम्मा, तो रिपोर्ट आपल्याकडे येत नसतो. तुमची तब्येत चांगली आहे."

"वो नाय बे. बहन."

तेव्हा मला उलगडा झाला. आणि खरं सांगतो, तिला खुळी म्हणायचीही सोय नव्हती. तिच्या धंद्यात मिलवणं म्हणजे तेच. एका लॉटचे स्वेटर दोन गठ्ठ्यांत गेले की ती बाह्या उलट्या करून, धागा धाग्याला लावून जोडीचा बरोबर हुडकायची. रक्त मिलवणार म्हटल्यावर तिने दुसरं काय समजायचं? अम्मा त्या आशेवर वर्षभर जगली होती.

मी डॉक्टरबाईंना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "अहो, नावं आम्ही काढून टाकतो. त्यांना कोणी त्रास देऊ नये म्हणूनच तो नियम आहे. तिकडच्यांची नावं तर आमच्याकडे कधी आलीच नाहीत."

"पण मॅडम, समजा दोघी बहिणी निघाल्या?"

"निघाल्या तरी कोण ते कळणार नाही. मलाही नाही. त्यांना खरंच असं वाटलं होतं का हो?"

कोणाला बोल लावणार? बाई भल्या, नियमही भल्यासाठीच. ज्या शब्दाने बाकीच्यांची भीती गेली, त्याच शब्दाने अम्माची वाट बंद झाली होती, आणि तो शब्द दुकानोदुकानी पोचवला होता अम्मानेच. मला त्या दिवशी कोणाचाच राग येईना. राग आला असता तर बरं झालं असतं.

ऐकून घ्यायला अम्मा तयार नव्हती. रक्त कमी पडलं असेल, असं तिने ठरवलं. येता-जाता लॅबमध्ये यायची, बाही वर करून बसायची. "फिर से ले. अच्छा निकलेगा." मी चहा पाजून परत पाठवायचो. अंगाने उतरली होती, दुकानातही लक्ष नसायचं. गिऱ्हाइकाचं मनगट धरायची आणि धरूनच राहायची. शेवटी आई म्हणाली, "सांग तिले नीट. आशेवर कितीक दिवस टांगून ठेवतं तिले?"

आमच्या घरीच सांगितलं. आई शेजारी बसली होती. अम्माने सगळं ऐकलं, मग विचारलं, "मतलब मिली, तो भी नहीं बोलेंगे?"

"बोलता येणार नाही, अम्मा."

"उसको भी नहीं?"

"तिलाही नाही."

"दोनों का खून एक जगह तो रखा है ना?"

मी नाही म्हणून मान हलवली. तिचं इथे, तिकडचं तिकडे. मिलवतात ते नुसते आकडे.

अम्माने विचारलं, "मंग माझं खून घेतलं काऊन बे?"

इतक्या वर्षांत त्या दोन शब्दांवर हसू आलं नाही असं तेवढं एकदाच झालं. मी म्हणालो, औषधं शोधायला, पुढच्या लोकांसाठी. पुढे तिचं कोणीच नव्हतं. तिने बाही खाली ओढली, बटण लावलं आणि चहा न घेता निघाली.

पुढच्या हिवाळ्यात कोपऱ्यावर दुसरीच बाई होती. अम्मा उन्हाळ्यात गेली म्हणाली. फार गरमी होती, सहन झाली नाही. शेवटी काही बोलली का, हे विचारायचा मला धीर झाला नाही. आता दुकानं लागली की मी मैदानाला वळसा घालून जातो.

परवा आई चुलीपुढे भाकरी थापत होती. अंगात अम्माकडूनच घेतलेला स्वेटर. मध्येच म्हणाली, "अम्माचं थे रक्त आता कुठी असंल रे?"

म्हटलं, "असेल त्या शहरात. अशा नळ्या फेकत नाहीत, वर्षानुवर्षं ठेवतात. मोठ्या फ्रीजसारखी पेटी असते."

आईचे हात थांबले.

"लय थंड असंल नं बापा तिथं?"

"हो," मी म्हणालो. "लय."