पाच वेळा दात घासणारी मुलगी

आमची मुलगी दिवसातून पाच वेळा दात घासायची आणि मी ही गोष्ट आल्यागेल्याला कौतुकानं सांगायचो. अकरावीतली पोर, सोळा वर्षांची, अन् स्वच्छतेची एवढी आवड! समोरचा पाहुणा तंबाखू-सुपारीचा खर्रा गालात सारून "हाव" म्हणायचा आणि आमच्या अंगणात पिंक टाकायचा.

मी पंचायत समितीत आकडेवारीचं काम करतो. एखाद्या गावाच्या कुटुंबसंख्येत एकाचा फरक आला तरी ग्रामसेवकाला परत फोन लावतो. अशा माणसाच्या घरात तिघांना पेस्टची एक ट्यूब दोन महिने पुरत होती, मुलीचा ब्रश चार महिन्यांनीही नवा दिसत होता, आणि मला त्यात काहीच खटकलं नाही. उलट त्याच दिवसांत मी नातेवाइकांच्या ग्रुपवर एक यादी पुढे पाठवली होती : 'आपला मुलगा व्यसनात अडकला आहे का? ओळखा दहा लक्षणे'. चिडचिड, भूक कमी होणं, वस्तू लपवणं, एकटं राहणं. यादीत 'मुलगा' लिहिलं होतं, म्हणून मी इमानदारीनं भाचे आणि पुतणे तपासले.

देऊळगाव राजाला लग्न होतं. मांडवात मोठ्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी, प्लास्टिकच्या पन्नीतला खर्रा अंगठ्यानं घोटत बसले होते आणि तरुण पिढीबद्दल बोलत होते.

"बाबू, आजकालची पोट्टी वाया गेली पुरी. पावडर ओढतात म्हणे."

"हो का?"

"मंग! मायबापायचं लक्षच नाही ना." त्यांनी पन्नी पुढे केली. "घ्या."

मी खर्रा खात नाही, याचा मला त्या क्षणी नेहमीइतकाच अभिमान वाटला.

मुलगी मात्र खुर्चीवर डोकं धरून बसली होती. जेवली नव्हती. मावसबहीण हात धरून ओढायला आली तर तिच्यावर खेकसली. सगळे म्हणाले, ऊन लागलं. बायको तिला मांडवामागे पाण्याच्या टँकरकडे घेऊन गेली. मी ताकाचा ग्लास घेऊन मागोमाग गेलो. बायकोनं कमरेची बामची डबी काढली, मुलीनं तिच्यात बोट बुडवलं आणि ते काळं पीठ खालच्या हिरडीवर घासलं. मी घड्याळात पाहिलं. पाचव्या मिनिटाला मुलगी हसत होती आणि पंगतीत बसायला तयार होती.

डबीत मिसरी होती. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची आणि कुटून तिनं दात घासायचे. आमच्याकडे कितीतरी बायका घासतात. त्याला दात घासणंच म्हणतात, म्हणून घरात कुणी माझ्याशी खोटंही बोललं नव्हतं.

चिखलीला घरी आल्यावर मी बायकोला विचारलं, "कधीपासून?"

"दहावीच्या परीक्षेत दाढ ठणकत होती ना तिची. मीच देली चिमूटभर. थांबली दाढ."

"दाढ थांबली, पोरगी नाही थांबली. तंबाखू आहे ती."

"तंबाखू पुडीतली. हे मिसरी होय. भाजेल असते."

"भाजल्यावर तिचं काय वांगं होते का?"

"हळू बोला. शेजारी ऐकतीन. उद्या पोरीले पाहाले पाव्हणे आले त काय सांगान?"

सोळा वर्षांच्या पोरीला पाहायला येणाऱ्या, अजून जन्मकुंडलीतही नसलेल्या पाहुण्यांची आमच्या घरात अशी बडदास्त होती. तेवढ्यात मुलगी दारातून म्हणाली, "बाबा, म्या सोडून पाह्यली. दोनदा. जमतच नाही. डोकं फुटते. आन् इथं असं होऊन राह्यलं." तिनं खालचा ओठ दुमडून दाखवला. आत पांढरा, सुरकुतलेला चट्टा होता. बायकोनं तो तेव्हाच पहिल्यांदा पाहिला.

बातमी बहिणीकडे पोचायला एक दिवस लागला. दाजींचा फोन आला. व्यसन सुटायची एक पुडी मिळते, भाजीत कालवून द्यायची, पोरीला कळतसुद्धा नाही. नाहीतर देऊळगावच्या बालाजीसमोर शपथ घालायची. दाजींनी स्वतः तिथं तीनदा शपथ घेतली आहे आणि तिन्ही वेळा देवळाच्या पायऱ्या उतरताना पन्नी काढली आहे. मी त्यांना विचारलं, "पुडीत काय असते?" ते म्हणाले, "ते नाही सांगत ते लोकं." म्हणजे पोरीच्या पोटात काय जातंय हे माहीत नसणं, हा या उपचाराचा मुख्य गुण.

आम्ही तिला बुलढाण्याला दवाखान्यात नेलं. समुपदेशक तरुण बाई होत्या. त्यांनी फॉर्म पुढे घेतला.

"काका, घरात दुसरं कुणी तंबाखू वापरतं?"

"नाही," मी म्हणालो. विचार करायलाही थांबलो नाही.

मुलगी हसली. "बाबा, आई काय करते मंग?"

असाच फॉर्म मी एका सर्वेक्षणात दारोदार भरला आहे. ओट्यावरच्या माणसाला विचारायचो, बायकांना काही व्यसन? तो म्हणायचा, "बायकायले कायचं व्यसन, साहेब?" आतून तंबाखू भाजल्याचा ठसका येत असायचा. मी शिंकायचो आणि शून्य लिहायचो. माझ्या कामाच्या अचूकतेबद्दल तेव्हा मला प्रशस्तिपत्रही मिळालं होतं.

बाईंनी मुलीला विचारलं, "सकाळी उठल्यावर किती वेळानं लागते?"

"डोये उघडाच्या आधी," मुलगी म्हणाली. बाई हसल्या नाहीत, ओरडल्याही नाहीत, नुसतं लिहून घेतलं. मग त्यांनी सोडायची तारीख मुलीलाच ठरवायला लावली. तलफ आली की दहा मिनिटं थांबायचं, पाणी प्यायचं, चालायचं. तेवढ्यात लाट ओसरते. पहिला आठवडा वाईट जाईल. तिच्या वयात आधी समुपदेशन, औषधाचं लागलंच तर डॉक्टर ठरवतील. घरात मिसरी ठेवायची नाही. शेवटी माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पोलिसासारखं मोजू नका, काका. घसरली तर तिनं तुम्हाला येऊन सांगावं, एवढं नातं शिल्लक ठेवा."

दातांच्या डॉक्टरांनी पट्टी लावून चट्टा मोजला : बारा मिलिमीटर. मिसरी थांबली तर बहुधा जाईल, म्हणाले. नाही थांबली तर काहीच सांगता येत नाही. दीड महिन्यानं या.

पहिले चार दिवस तिनं घर डोक्यावर घेतलं. पुस्तकात लक्ष लागेना, कंपासपेटी भिंतीवर फेकली, मग त्यासाठी रडली. नवव्या दिवशी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "बाबा, आज घेतली."

माझ्याकडे एक चांगलं लांबलचक भाषण तयार होतं. मी ते गिळलं. "कुठून?"

"आईच्या गादीखालून."

बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "मले नाही जमत. माह्यं पोट साफ होत नाही तिच्याबिगर."

"मंग मले काऊन म्हणता?" मुलीनं विचारलं.

बायकोनं कणकेला दोन बुक्क्या मारल्या. मग पिठाच्या हातानंच उठली, गादीखालची डबी काढली आणि मुलीच्या हातात दिली. "तूच फेक. म्या फेकली त उचलून आणीन."

त्यानंतर घरात दोघी डोक्याला फडकं बांधून बसू लागल्या. भाजीत मीठ कमी आहे हे सांगायचं मी सोडून दिलं. सकाळी दोघी पेस्ट लावून अंगणात उभ्या राहायच्या आणि औषध घेतल्यासारखं तोंड करायच्या. मुलगी आणखी एकदा घसरली आणि तेही तिनंच सांगितलं. दाजी मात्र विचारत राहिले, पुडी मागवू का?

दीड महिन्यानं डॉक्टरांनी पुन्हा पट्टी लावली. पाच मिलिमीटर. "चांगलं आहे," ते म्हणाले. "असंच चालू ठेव, बेटा." बायकोनं डोळ्यांना पदर लावला.

मुलगी खुर्चीवरून उतरली आणि म्हणाली, "सर, आईचं बी पाहा ना."

"मले काय झालं व? मी त तुह्यासंग आली."

"बस ना, आई."

बायको बसली. डॉक्टरांनी दिवा जवळ घेतला. या वेळी त्यांनी पट्टी लगेच उचलली नाही. गालाच्या आत बोट फिरवलं, परत फिरवलं. "किती वर्षं घासता, ताई?"

"लग्नाच्या आधीपासून." बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मला आकडा माहीत नव्हता. एकवीस वर्षांच्या संसारात मी तो कधी विचारला नव्हता.

डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली. गालातला छोटा तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल, म्हणाले. आत्ताच घाबरायचं कारण नाही, पण टाळायचं नाही. तारीख पुढच्या मंगळवारची मिळाली. मुलीनं कॉलेजच्या वहीत ती लिहून घेतली.

"मंगळवारी कॉलेज बुडवीन मी," ती म्हणाली.

बायको एरवी अभ्यासाचा एक तास बुडू द्यायची नाही. आत्ता तिनं मुलीचा हात धरला होता आणि तो ती बसस्टँडपर्यंत सोडणार नव्हती.