हात न लावता इंजिनियर

"तुमच्या लोकांना हातानं काम करायची सवयच असते, म्हणून मॅडमना असलं काही सुचतं."

विभागप्रमुख हे बोलले तेव्हा मी उभी होते. मागे पडद्यावर माझाच आराखडा होता. पहिल्या वर्षाचा 'अभियांत्रिकीची ओळख' हा विषय बदलायचा होता आणि कसा बदलायचा ते सांगायला मला बैठकीत बोलावलं होतं. टेबलाभोवतीचे सगळे हसले. मोठ्यानं नाही. शिकलेली माणसं हसतात तसं, नाकातून. प्राचार्यांनी चहात बिस्कीट बुडवलं.

मी कंत्राटी प्राध्यापिका. माझे वडील, आमचे दादा, भिंगारला कॅन्टोन्मेंटमध्ये सफाई कामगार होते. गटारात उतरायचे. घरी आले की बाहेरच अंघोळ, मग आत. तोवर मला जवळ येऊ द्यायचे नाहीत. म्हणायचे, "तू इंजिनियर हो. इंजिनियरच्या हाताला घाण लागत न्हाई."

झाले इंजिनियर. आणि पाहिलं, दादांचं खरं होतं. कुणाच्याच हाताला काही लागत नव्हतं. पोरं पंपाची आकृती पाठ करत होती, पंप उघडत नव्हती. फळ्यावरचं वहीत, वहीतलं पेपरात. झाला इंजिनियर.

म्हणून मी हा विषय मोडायला घेतला. चौघाचौघांचे गट. आजूबाजूची एक अडचण शोधायची, तिच्यावर काहीतरी बनवायचं आणि सगळ्यांसमोर चालवून दाखवायचं. गट चिठ्ठ्या टाकून. पोरांवर सोडले तर गट कसे पडतात ते मला माहीत आहे. आडनावानं पडतात. आणि चौघांनीही हात लावायचा. एकानं पान्हा फिरवायचा, दुसऱ्यानं फोटो काढायचे, हे चालणार नाही.

एका वर्गावर करून बघायची परवानगी मिळाली. त्या वर्गात सविता होती. घोडेगावकडची, राखीव जागेवर आलेली, शेवटच्या बाकावर बसणारी. तिच्या गटात ऋतुराज आला. त्याचे वडील संस्थेच्या संचालक मंडळावर. वसतिगृहामागचं ड्रेनेजचं चेंबर सारखं तुंबायचं. हात न घालता ते मोकळं करायचं अवजार बनवू, असं गटानंच ठरवलं. मला आत कुठंतरी लागलं. पण बरंही वाटलं.

सविता कामाला लागली आणि बोलायलाही लागली. वेल्डिंग करताना तोंडासमोर काळी काच धरून माझ्याकडे वळून म्हणाली, "मॅडम, लई भारी वाटतंय." ऋतुराज बाजूला उभा राहून मोबाईल बघायचा. मी टोकलं की पक्कड उचलायचा, मी वळले की ठेवायचा.

दाखवायच्या दिवशी सगळा वर्ग चेंबरभोवती जमला. अवजाराची सळई आत गेली, दांडा फिरवला, आकडा अडकला. ओढलं तरी निघेना. वास सुटला. पोरं मागे सरकली. ऋतुराज सविताला म्हणाला, "काढ की हातानं. तुमच्यात करतातच ना."

कुणीतरी हसलं. मग तिघं-चौघं हसले.

सवितानं दांडा सोडून दिला. त्याच्याकडे वळून म्हणाली, "मी न्हाई काढनार. तुझ्याइतकंच माझं काम हाय हे."

मी ऋतुराजला हातमोजे दिले. म्हटलं, "आधी तू हात घाल. मग बाकीचे तिघं घालतील. मग मी." त्यानं मोजे खाली टाकले आणि निघून गेला. मी त्याला प्रकल्पात नापास केलं.

बैठक त्यानंतर झाली. विभागप्रमुखांचं ते वाक्य कुठून आलं हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. हसू विरल्यावर प्राचार्य म्हणाले, "ऋतुराजला पास करा. त्याच्या वडिलांना भेटून दोन शब्द बोला. विषय इथंच मिटवू."

"कुठले दोन शब्द, सर?"

"माफीचे. आणखी कुठले?"

"माफी मी मागणार नाही," मी म्हणाले. "आत्ता इथं जे बोललं गेलं, त्याची माफी मला पाहिजे."

प्राचार्यांनी समोरची फाईल मिटली.

पुढच्या सत्रात मला कामावर घेतलं नाही. विषय मात्र बदलला. गट पोरांनी आपापले पाडायचे. बनवायचं काही नाही, बाहेरून आलेल्या तयार खोक्यातले भाग जोडायचे. दिवा लागला की प्रकल्प झाला. हात स्वच्छ. नव्या विषयाचा समारंभ झाला, विभागप्रमुखांना शाल मिळाली.

सवितानं कॉलेज सोडलं. मी फोन केला. ती म्हणाली, "तुमी माझ्यासाठी लई केलं, मॅडम. पन वर्गात गेलं की सगळे नाकाला रुमाल लावत्यात. मला न्हाई यायचं आता."

विभागप्रमुखांच्या त्या वाक्यावर मी पोलिसांत जातीवरून अपमान केल्याची तक्रार दिली. ठाण्यात विचारलं, साक्षीदार कोण? टेबलाभोवतीची सगळी नावं मी सांगितली. त्यांच्यातल्या एकालाही काही ऐकू आलं नव्हतं. बैठकीत माझ्या शेजारी बसलेल्या सरांनी रस्त्यात गाठून हळूच सांगितलं, "मला फार वाईट वाटलं हो. पण माझी मुलगी त्याच कॉलेजात आहे."

दादा म्हणाले, "माघार घे, बाय. कॉलेज त्यांचं हाय. आपलं काय हाय?" त्यांच्यावर रागावताही येत नाही.

परवा संस्थेचा माणूस घरी आला. पेढे घेऊन. म्हणाला, तक्रार तेवढी मागे घ्या, जूनपासून परत रुजू व्हा, कायम करू, आराखड्यावर तुमचं नाव घालू. दादा आशेनं माझ्याकडे बघत होते. घरात माझ्याशिवाय कमावणारं कुणी नाही.

मी पेढे त्याच्या हातात परत दिले. त्याला दारापर्यंत नेलं. म्हटलं, "केस मी हरेन, हे मला माहीत आहे. तुम्हालाही माहीत आहे. तरी मागे घेणार नाही. तुमच्या विभागप्रमुखांना कोर्टात उभं राहावं लागेल. त्यांना सांगा."

तो गेला. दुसरा येईल. त्यालाही हेच सांगणार.