दोन वीत मागे

रायगडाच्या पहिल्या पायरीशी रुचिकानं मोबाइल डोळ्यांसमोर धरला आणि शाळेत धडा वाचावा तसं वाचून दाखवलं, "एक तास न थांबता चढता आलं पाहिजे. गुडघे, छाती आणि दम, तिन्ही ठणठणीत हवेत. बरोबर ना, काका?"

चांगदेव सव्वीस वर्षं या गडावर डोली वाहत होता. इतक्या वर्षांत हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. मुंडाशाच्या टोकानं कपाळ पुसत तो म्हणाला, "असंल बाई. आम्हांला कोन विचारतंय, ठणठणीत हाय का म्हनून."

"ह्याचं सोडा," मागून त्याचा जोडीदार सदा म्हणाला. "ह्यो जन्माला आला तोच चढत."

रुचिकाची आजी मनुबाई उरणकडची. वय अडुसष्ट. उमेदीची सारी वर्षं मिठागरात गेलेली. नात तीन महिने तिला इमारतीचे जिने चढायला लावत होती. तरी भरवसा नको म्हणून डोली सांगितलेली.

"मना नाय बसाचा त्यान," काष्टा खोचत म्हातारी म्हणाली. "माझे पायांनी जायन. तुमी मागशी रिकामे या."

चांगदेवाला हायसं वाटलं. त्याचा उजवा गुडघा दिवाळीपासून धरला होता. सकाळी उठताना भिंतीला हात लावावा लागे. पण हे सदाला सांगायची सोय नव्हती. डोलीवाल्यांत कुठं लिहिलेलं नाही, पण जो आपल्या पायापायी माणूस मध्येच खाली ठेवतो, त्याच्यासोबत पुन्हा कुणी जोडी लावत नाही. आणि जोडी तुटली की सत्तावन्नाव्या वर्षी दुसरा कोण खांदा देणार? त्यातल्या त्यात एकच बरं होतं. गेल्या दोन महिन्यांत गुडघा जरा ऐकायला लागला होता. बायको, काशी, रोज रात्री निर्गुडीचं तेल चोळायची. तेल लागू पडलं, असं तो शेजारीपाजारी सांगत सुटला होता.

म्हातारी न बसता वर पोचली की आजचा दिवस निभावला. म्हणून तो तिला जपून चढवू लागला.

"सरळ नको, आजी. तिरकं चढा, नागमोडी. पायऱ्या मोजू नका."

"मोजले त काय व्हतं?"

"मोजल्या की जास्ती होतात."

मनुबाई खुदकन हसली, आणि त्या हसण्यातच तिचा दम गेला. ऊन चढलं. रुचिका दर वळणावर घड्याळात नाडी बघे आणि जाहीर करी, "आजी, एकशे बत्तीस! थांब!"

"तुजा घर्‍याल थांबव आधी," आजी म्हणे.

अर्धा चढ सरला तेव्हा एका कठड्याशी मनुबाईनं बसकण मारली. ओठ सुकले होते. तिनं पदरानं तोंड पुसलं. मग हळूच म्हणाली, "झाला माजा. बसतंय डोलीन."

चांगदेवानं उजवा गुडघा दाबून पाहिला. तोंडानं मात्र म्हणाला, "बसा की. त्याच्यासाठीच हाय ती."

सदानं डोली पुढं आणली. म्हातारी उठली, पण बसली नाही. बांबूवरून हात फिरवत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं गेली.

"पुढं कोन असतं?"

"मी," चांगदेव म्हणाला.

"मंग ही दोरी मधी का नाय? मी चालीस वर्सां मिठाची कावर खांद्याव व्हायलीय, मना शिकवू नको. ही बसकी दोन वीत मागशी बांधलीय. समदा भार मागच्याचे खांद्यावर."

चांगदेवानं बांबूकडं पाहिलं. रोज सकाळी डोली सदा बांधायचा. दोर जिथं होते तिथं बांबू घासून गुळगुळीत झाला होता. एका दिवसात तसा होत नाही.

"कधीपासनं?" त्यानं विचारलं.

सदा दुसरीकडं बघत राहिला. "पूस म्हैन्यात तू एकदा अडखळलास ना. तवापासनं."

"दोन महिने?"

"मोजत बसलो न्हाय."

म्हणजे गुण तेलाचा नव्हता. चांगदेवानं सदाच्या खांद्याकडं पाहिलं. सदऱ्याखाली मांसाचा गोळा वर आला होता. सदा त्याच्याहून चारच वर्षांनी लहान.

"मधी घे दोर," चांगदेव म्हणाला.

"मधी घेतला तर आपून दोघंबी हितंच बसू, चांगा. उगा हट्ट नको."

वरून दुसरा डोलीवाला, गणराज, कुणाचं सामान पोचवून उतरत होता, रिकाम्या खांद्यानं. त्याचा जोडीदार आज आलाच नव्हता. चाळिशीचा, दणकट. चांगदेव त्याच्याकडं बघत राहिला. मग खांद्यावरची फडक्याची घडी काढून म्हणाला, "सदा, ह्याला घे पुढं."

सदा नको म्हणेल असं त्याला वाटलं होतं. निदान एकदा तरी. सदानं मान खाली घातली आणि दोर सोडायला घेतले.

बसता बसता मनुबाई चांगदेवाला म्हणाली, "मी बोलले म्हनून झाला रं ह्या."

"न्हाय आजी. झालंच व्हतं."

डोली उचलली गेली. मागच्याला पायरी दिसत नाही; पुढच्यानं ओरडून सांगायची असते. गणराज मुकाट चढत होता. चांगदेवाला राहवेना. कठड्यावर बसल्या बसल्या तो ओरडला, "सदा, डाव्या अंगाला फुटकी पायरी हाय!"

"व्हय," वरून आवाज आला.

पुढच्या वळणापर्यंत तो सांगत राहिला. नंतर डोली दिसेना. मग त्यानं दोन्ही हात कठड्यावर टेकून उठायचं ठरवलं, आणि आणखी थोडा वेळ तसाच बसला.