पाणी ठोकत नाही

मंगळवार, सकाळचे अकरा चाळीस. विजेच्या तारांच्या दुरुस्तीसाठी वीज बंद होती, त्यामुळे दूध प्लँटातला कॉम्प्रेसर गप्प होता. आयुब शेख गुडघे टेकून, जमिनीत खुपसलेल्या लोखंडी सळईच्या लाकडी मुठीला उजवा कान लावून ऐकत होते. डावा कान १९९३ च्या भूकंपापासून कामाचा नाही.

जमिनीखालची गळती ऐकून शोधणं हा त्यांचा वीस वर्षांचा धंदा. लोहारा तालुक्यातल्या या प्लँटात पूर्वी लिटरभर दुधामागं तीन लिटर पाणी जायचं. बॉयलरची वाफ थंड करून परत टाकीत, कॅनचं शेवटचं विसळपाणी पुढच्या कॅनच्या पहिल्या धुण्याला, असं करत मालक अमरसिंह यांनी ते सव्वा लिटरवर आणलं. तरी बोअरच्या मीटरमधून निघालेलं रोजचं नऊ हजार लिटर पाणी पुढच्या कुठल्याच मीटरला दिसत नव्हतं. बोअरला आता दिवसाला चारच तास पाणी असायचं. आज गळती सापडली नाही, तर उद्यापासून संध्याकाळचं दूध घेणं बंद आणि त्या पाळीतली अकरा माणसं घरी. मीटरचे आकडे लिहिणारी दीपमाला त्यातलीच; आज ती मदतीला सकाळीच आली होती.

आयुबांची ही तिसरी खेप; पाण्याची सगळी लाइन ऐकून झाली होती. जुन्या गोडाऊनच्या मागं मात्र त्यांनी सळई टेकवली आणि लगेच उचलली.

"मामा, तिथं नीट ऐकलंच न्हाय तुम्ही," दीपमाला म्हणाली.

"ऐकलं. गळती न्हाय तिथं."

"मग काय हाय?"

"गळती सूं करती. पाणी ठोकत न्हाय."

"मग ठोकतंय कोण? मालक?"

आयुबनी सळईची माती पुसली.

भूकंपात सास्तूरचं घर पडलं तेव्हा ते अकरा वर्षांचे होते. दगडमातीखाली एक दिवस आणि एक रात्र. भिंतीपलीकडं चुलत बहीण शाहिस्ता होती. तिला बोलता येत नव्हतं. ती काहीतरी दगडावर आपटत होती. दोन ठोके, मग थांबा, मग एक. दिवस मावळायच्या सुमाराला ते थांबलं. ही गोष्ट त्यांनी घरात कुणालाच सांगितली नव्हती. या प्लँटात पहिल्यांदा आले त्या दिवशी, त्या घरापासून सात किलोमीटरवर, गोडाऊनमागं सळईतून तोच आवाज आला. तो आपल्याच डोक्यातला आहे असं धरून त्यांनी वहीत त्या जागेपुढं 'काही नाही' असं लिहिलं. दुसऱ्या खेपेलाही तेच लिहिलं.

आज अकरा माणसांचा प्रश्न होता. त्यांनी सळई पुन्हा रोवली आणि दीपमालाला पुढं केलं. "तू ऐक. मला काय विचारू नको."

तिनं डोळे मिटले. मुठीला कान लावला. मग तिचं बोट मुठीवर वाजायला लागलं. दोनदा. थांबलं. एकदा.

"असं," ती म्हणाली. "कोण हाय मामा खाली?"

"खणायला लावा," आयुबनी अमरसिंहांना बोलावून सांगितलं.

प्लँटातल्या गुरुलिंगनं टिकाव घेतला. "जित्राब निघालं तर पगार डबल," तो म्हणाला. दोन फूट खणून झालं तेव्हा मुठीला कान लावून बसलेली दीपमाला म्हणाली, "थांबलं." बोअरजवळच्या टाकीचा वॉल्व्ह अजून उघडाच होता, पाइपात पाणी होतं. पाइपाला टिकाव लागला नव्हता. आयुबनी तिला बाजूला करून स्वतः ऐकलं. आता सरळ, स्वच्छ सूं येत होती.

चार फुटांवर जोड सापडला. बोटभर चिरलेला, भोवतीची माती चिखल झालेली. आपटेल असा दगड नव्हता, सुटलेला नट नव्हता. "दाबामुळं आवाज होत असंल," अमरसिंह म्हणाले आणि नवा जोड आणायला गेले.

साडेतीनला पाणी सोडलं. आयुबनी परत कान लावला. काहीच नव्हतं. वीज आली, कॉम्प्रेसर सुरू झाला, तरी ते पाऊण तास तसेच बसून राहिले.

"उठा की मामा. झालं आता."

"ती गप झाली तवा बी म्या असाच ऐकत व्हतो," ते म्हणाले. "वाटायचं, दम घेत आसंल."

दीपमाला वही घेऊन मीटरकडं गेली. पाच वाजता बोअरच्या आणि पुढच्या मीटरमधला फरक फक्त चाळीस लिटरचा होता. अमरसिंहांनी गेटवरचा, संध्याकाळचं दूध बंद असल्याचा कागद काढून घेतला.

उद्या बुधवार. दीपमाला दुपारी दोनला कामावर येईल, आणि संध्याकाळचं दूध नेहमीप्रमाणं साडेपाच ते साडेसात घेतलं जाईल.