शेवटच्या देशाच्या बाई

टीव्हीवर शर्यत लागली की आमच्या रेक्टरबाई जिंकणाऱ्या मुलीकडे बघायच्याच नाहीत. पहिली आलेली मुलगी अंगावर झेंडा पांघरून मैदानाला फेरी मारत असायची आणि बाई खुर्चीतून पुढे वाकून पडद्याच्या कोपऱ्यात दुसऱ्याच कुणाला शोधत असायच्या. "शेवटची आली थे कुठं गेली वं? पाय बरं, दाखवते काय." कॅमेरा तिला दाखवायचा नाही. बाई पुन्हा मागे टेकायच्या, चष्मा काढून पदराला पुसायच्या.

अमरावतीच्या त्या वसतिगृहात आम्ही साठ-सत्तर मुली होतो. बाई मूळच्या परतवाड्याच्या, एका शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या आणि वसतिगृह सांभाळून तिथेच राहायच्या. उंच, हाडकुळ्या, नऊवारी नव्हे पण तशीच आवरून नेसलेली पाचवारी आणि खाली कॅनव्हासचे बूट. गळ्यात शिट्टी. मुली मागून त्यांना शिट्टीबाई म्हणत. त्यांना मुलींची नावं लक्षात राहत नसत, किंवा राहत असली तरी त्या गावाच्याच नावाने हाक मारायच्या. "ए दर्यापूर, नळ बंद कर." "चांदूर, तुया बाप आला पाय फाटकावर." मी धामणगाव. खरं तर माझं गाव धामणगावच्या रेल्वे स्टेशनापासून आणखी आत, पण बाईंना तेवढं पुरे होतं.

वऱ्हाडात गावोगाव घरांना कुलपं लागत होती, ते दिवस. आमच्याही घराला लागलं. वावर चुलत्याला कसायला देऊन आईबाबा पुण्याला गेले. बाबा एका बांधकामावर पहारेकरी झाले, आणि तिथल्या पत्र्याच्या खोलीत वयात आलेल्या मुलीला कुठे ठेवायचं म्हणून आईच म्हणाली, सुट्टीत तिकडेच थांबता येतं का बघ. नियमाने मे-जूनमध्ये वसतिगृह बंद असायचं. मी घाबरत घाबरत बाईंच्या खोलीत गेले आणि सगळं सांगितलं. बाई कपाटात चादरी लावत होत्या. त्यांनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. "कुलूप मीच लावतो ना? मंग कुलपाच्या आत कोन रायते थेही मीच ठरवीन. जा, भाकरी टाक दोघीच्या."

त्या उन्हाळ्यात एवढ्या मोठ्या इमारतीत आम्ही दोघीच. रिकाम्या खाटा, गुंडाळलेल्या गाद्या, भर दुपारी कूलरच्या टाकीत ठिबकणारं पाणी. बाई दिवसभर फारसं बोलायच्या नाहीत. पण जून उजाडला तशा त्या रोज केबलवाल्याला फोन करू लागल्या. खेळाचं चॅनल नीट दिसलं पाहिजे, म्हणून. मला वाटलं क्रिकेट असेल.

क्रिकेट नव्हतं. युरोपातल्या देशांची ती सांघिक मैदानी स्पर्धा होती. धावणं, उड्या, गोळा, भाला, आणि सगळ्याची बेरीज देशाच्या नावावर. बाईंनी मला ती शेंगा सोलता सोलता समजावली. "पोरीयचे आठ देश. एका खेळात एका देशाची एकच पोरगी. पयलीले आठ गुन, दुसरीले सात, अन् शेवटचीले एक. शेवटची आली तरी एक देतात. अर्ध्यातून सोडलं त काईच नाई." मग म्हणाल्या, "अन् जे दोन देश खाली राहिले, थे पुढच्या वर्षी खालच्या गटात. मंग टीव्हीवाले त्याईले दाखवत नाईत."

बाई दरवर्षी खाली जाण्याच्या बेतात असलेल्या एखाद्या देशाला आपलं म्हणायच्या. मी विचारलं, काहून? तर म्हणाल्या, "जर्मनीले टाळ्या वाजवाले जर्मनी बसली हाये."

त्या वर्षीचा त्यांचा देश कोणता, ते मी आता विसरले. निळ्या-पांढऱ्या कपड्यांतल्या मुली तेवढ्या आठवतात. दोन संध्याकाळी आम्ही त्यांच्यामागे होतो. अडथळ्यांच्या शर्यतीत त्यांची मुलगी आपटली, गुडघा फुटला, आणि ती उठून उरलेले अडथळे एकेक करून पार करत आली. तेव्हा बाई उभ्या राहून ओरडल्या, "ये, ये, ये माय!" रिकाम्या इमारतीत तो आवाज जिन्यापर्यंत घुमला. शेवटी चार गुणिले चारशेची रिले तेवढी उरली होती. त्यात एखादी जरी मागे टाकली तर त्यांचा देश वाचणार होता. तिसरी मुलगी काठी चौथीच्या हातात देत होती आणि लाइट गेली.

भारनियमन. वेळापत्रकात त्या दिवशी संध्याकाळचं नाव नव्हतं, तरी गेली. आम्ही पायऱ्यांवर येऊन बसलो. समोरच्या रस्त्यावर लोक खाटा बाहेर काढत होते. मी सहज विचारलं, "बाई, तुम्ही पळायच्या?"

"पळत होती ना. चारशे मीटर. महाराष्ट्राच्या संघात होती मी. कटकले गेलो होतो आमी, राष्ट्रीय स्पर्धेले. रिलेत चौघी पळतात. मी पाचवी होती. राखीव."

"मग?"

"मंग काय? चौघीयचेही पाय धड राह्यले." त्या हसल्या. "पोरी पळाल्या, मी त्याईचे ट्रॅकसूट धरून बसली. पुढच्या वर्षी बाबा गेले. माय खाटेवर. भाऊ लहान. नोकरी लागली, बरं झालं."

एवढंच. वाईट वाटल्यासारखं नाही, बसचं तिकीट कुठवरचं ते सांगावं तसं.

दुसऱ्या दिवशी निकाल कळायला मार्ग नव्हता. पेपरात कापसाचं, कर्जमाफीच्या मोर्चाचं, भारनियमनाचं होतं. युरोप कुठून असणार? तेव्हा बाई मला घेऊन राजकमल चौकातल्या इंटरनेट कॅफेत गेल्या. कॅफे चालवणारा मुस्लिम तरुण भला होता. त्याने बरंच शोधलं आणि आश्चर्याने विचारलं, "मौसी, आपका कोई है क्या उधर?"

"हाव, है ना," बाई म्हणाल्या.

त्यांचा देश खाली गेला होता. रसवंतीवर बसून आम्ही उसाचा रस प्यायलो. ग्लास अर्धा ठेवून बाई म्हणाल्या, "आता नाई दिसणार त्या पोरी." परत आल्यावर मी माझ्या कुलूप लावलेल्या घराचा विचार करत पडून राहिले.

त्या हिवाळ्यात बाईंनी एक खूळ काढलं. अमरावती आणि अकोल्यातल्या मुलींच्या वसतिगृहांची स्पर्धा, अगदी त्या युरोपवाल्यांसारखी, शेवटच्या मुलीलाही गुण देणारी. त्यांनी जाऊन जाऊन आमचं धरून पाच वसतिगृहं तयार केली. आमच्या संघात त्यांनी राखीव कुणी ठेवलीच नाही. "ज्या येतील थ्या सगळ्या पळतील." मी मात्र खेळणारी नव्हतेच. मला गुण मांडायला सोबत घेतलं होतं. अकोल्याच्या मैदानावर आमची लांब पल्ल्याची मुलगी, चिखलदऱ्याकडची, आधीच्या लांब उडीतच पाय मुरगळून बसली. बाई माझ्याकडे आल्या.

"धामणगाव, तू पळ."

"बाई, मला नाही येत."

"पळता साऱ्यायले येते. कागद दे इकडे."

मी सलवार वर खोचून पळाले. तीन हजार मीटर म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं. बाकीच्या मुली माझ्या एक फेरी पुढे गेल्या, मग दोन. सगळ्यांची शर्यत संपली, लोक उठले, मंडपवाले खुर्च्या एकात एक घालायला लागले, आणि मी अजून पळतच होते. छातीत कळ येत होती, रडू येत होतं. थांबावं असं मनात आलं, तेवढ्यात शेजारी कॅनव्हासचे बूट वाजले. बाई आखलेल्या रेषेच्या आतून, गवतावरून माझ्याबरोबर पळत होत्या. साडी दोन्ही हातांनी उचललेली, श्वास अगदी एका लयीत. किती सहज पळत होत्या! शेवटचं वळण आलं तेव्हा त्या बाजूला झाल्या आणि रेषा मी एकटीने ओलांडली.

आम्ही तरीही पाचव्याच आलो. दुसऱ्या वर्षी तीन वसतिगृहांनी नकार दिला, आणि ती स्पर्धा पुन्हा झाली नाही.

मला नाशिकला बँकेत नोकरी लागली. बाई निवृत्त झाल्या आणि अकोल्याला भाच्याकडे राहायला गेल्या. भाऊ वारला होता. भाच्याचं मोबाइलचं दुकान होतं. मी एकदा भेटायला गेले तर बाई बाल्कनीत बसल्या होत्या. आत टीव्ही चालू होता, मालिका लागली होती. मी विचारलं, "जूनमधली स्पर्धा बघता ना?" तर म्हणाल्या, "इथं थे चॅनल नाई. अन् सांगू कोनाले, लावून द्या म्हणून?" मी लावून घ्यायला सांगते म्हटलं तर त्यांनी माझा हात दाबला. "राहू दे. त्याईचं घर हाये." निघताना जिन्यापर्यंत आल्या, आणि मी खाली उतरून वर पाहिलं तोवर बाल्कनीत येऊन उभ्या होत्या. हात केला नाही. नुसत्या उभ्या होत्या.

त्या गेल्याचं मला उशिरा कळलं. पोचले तोवर तेरावं झालं होतं. भाचा आणि त्याची बायको दोघंही चांगली माणसं. त्यांनी आत्याचं दुखणंखुपणं मनापासून केलं होतं. चहा आला. शांतता नको म्हणून मी बोलू लागले. वसतिगृह, कटक, रिले, अकोल्याचं मैदान. भाच्याची बायको कपबशी हातात धरून तशीच दारात उभी राहिली.

"आत्या पळे?" भाचा म्हणाला. "महाराष्ट्राच्या संघात?"

"हो."

"आमाले कधी सांगितलंच नाई तिनं. सात वर्षं इथं बसली होती, या खुर्चीवर."

"तुम्ही कधी विचारलं नाही?" मी म्हटलं, आणि म्हटल्यावर वाटलं, फार टोचून बोलले.

त्याला राग आला नाही. त्याने रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं.

"काय इचारावं थेच मालूम नवतं, ताई," तो म्हणाला.