तिसऱ्या अल्बममधली शेवटची दोन गाणी

मुलीला शिकायला पुण्याला जायला एक आठवडा उरला होता, आणि गेलं वर्षभर तिने माझ्यासमोर एकही गाणं लावलं नव्हतं. घरात असली की कानात हेडफोन. मी खोलीत शिरलो की गिटार भिंतीला टेकलेली. बायको म्हणायची, "तुझीच करणी." मी म्हणायचो, "वय असतं तसं." पण वयबिय काही नाही, हे मला चांगलं माहीत होतं. करणी माझीच होती. नेमकं सांगायचं तर माझ्या मतांची.

आता मतांबद्दल सांगायलाच हवं. मला एक रॉक बँड आवडतो. परदेशी, चौघांचा. शाळा संपल्यापासून आजतागायत मी त्या चौघांचा भारतातला प्रतिनिधी आहे. नेमणूक कोणी केली ते विचारू नका. पोटासाठी मी दिल्लीजवळ मानेसरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. पार्ट आला की मोजायचा, ठरलेल्या नमुन्याशी ताडून बघायचा आणि चिठ्ठी लावायची. हिरवी म्हणजे पास, पिवळी म्हणजे दुरुस्ती, लाल म्हणजे रिजेक्ट. वीस वर्षं हेच केल्यावर माणूस घरी येऊन पालकाच्या भाजीलाही चिठ्ठी लावतो. बँडच्या सातही अल्बमना मी केव्हाच लावून ठेवल्या होत्या.

पहिला अल्बम पिवळा. ड्रमवाला अर्धा ठोका मागे पडतो, पण प्रामाणिकपणे पडतो. दुसरा हिरवा, जरी त्यातल्या आरडाओरडीमुळे आमच्या जुन्या घरमालकाने एकदा दार वाजवून "भाईसाब, सब ठीक है ना?" असं विचारलं होतं. पाचवा, सहावा, सातवा मी ऐकले, पण जावई बिघडल्यावर सासरा सणाला जातो तसे. गेलो, बसलो, आलो.

तिसरा म्हणजे माझं दैवत. माझी कॅसेट झिजेपर्यंत ऐकलेला. त्यात दहा गाणी. आठव्या गाण्यानंतर चार सेकंद पूर्ण शांतता, आणि मग नववं गाणं एकदम मोठ्या आवाजात सुरू होतं. या चार सेकंदांवर मी तासन्‌तास बोललो आहे. कलावंताने घेतलेला श्वास आहे तो, असं मी सांगायचो. आठ गाणी संयम ठेवायचा आणि मग शेवटच्या दोन गाण्यांत सगळं ओतून द्यायचं! ही दोन गाणी ज्याला कळली नाहीत त्याला बँड कळला नाही, हे माझं ठरलेलं वाक्य.

आणि चौथा लाल. का लाल? कारण चौथ्या अल्बममध्ये ते विकले गेले. गाणारा पांढरा कोट घालून टीव्हीवर नाचला, मागे आठ बायका नाचल्या. तेवढं एक गाणं मी पाहिलं. दर्यागंजच्या फुटपाथवर रविवारी जुनी परदेशी मासिकं मिळायची, त्यातल्या एकात कोणीतरी चौथ्याला धुतलेलं वाचलं. बस्स, चिठ्ठी लावली. उरलेली गाणी मी ऐकलीच नाहीत. कारखान्यात एक नग बघून अख्खा लॉट परत पाठवला असता तर माझी नोकरी गेली असती.

ही सगळी मतं कंपनीच्या बसमध्ये द्वारका ते मानेसर रोज वाटली जायची. माझ्या शेजारी बसणारा सहकारी हरियाणातल्या रेवाडीचा, भला माणूस. चार वर्षं त्याने मान डोलावून ऐकलं. मग एक दिवस अदबीने विचारलं, "सर जी, ये लोग शादी में भी बजाते हैं क्या? अगले महीने साली का ब्याह है." दुसऱ्या दिवसापासून मी खिडकीजवळ बसू लागलो.

पण घरात ऐकणारं माणूस तयार झालं होतं. मुलगी सोळा वर्षांची असताना तिने आपण होऊन तो बँड शोधला आणि मला म्हणाली, "बाबा, हे तर सॉलिड आहेत यार." खरं सांगतो, तिच्या जन्मानंतर इतका आनंद मला झाला नव्हता. सहा महिने आम्ही जेवण झालं की एकत्र गाणी ऐकायचो. ती लावायची, मी बोलायचो. मी फार बोलतो हे तेव्हा लक्षात यायला हवं होतं. तिने एकदा चौथा लावला तर मी सरळ उठून गॅलरीत गेलो.

मग तो दिवस आला. मागच्या वर्षी तिच्या तीन मैत्रिणी घरी आल्या होत्या. ती गिटार घेऊन बाहेर आली, म्हणाली, "बाबा, बस ना. तुझ्यासाठी तयारी केलीये." मी कॉलर ताठ करून बसलो. आणि तिने सुरू केलं ते पांढऱ्या कोटवालं गाणं! पहिलं कडवं संपेपर्यंत मी दम धरला. मग उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हणालो, आवाज पास, बोटं पास, पण माल रिजेक्ट. आणि मैत्रिणींकडे वळून चौथा अल्बम का वाईट यावर वीस मिनिटं बोललो. एक मैत्रीण चिवड्याची वाटी हातात धरून तशीच बसून राहिली, कारण मध्ये चावायला तिला लाज वाटत होती. मुलगी उठली. गिटार घेऊन आत गेली. त्या दिवसापासून हेडफोन.

मी सॉरी म्हणालो का? नाही. मी तिला तिसऱ्या अल्बमची लिंक पाठवली.

त्या लिंकचाही एक किस्सा आहे. फोनवर गाणी ऐकायची सोय आली तेव्हा मी पहिल्यांदा तिसरा अल्बम उघडला, तर त्यात आठच गाणी. शेवटची दोन गायब! माझं डोकं फिरलं. रेकॉर्ड कंपनीने पैशाच्या भांडणात ती काढून टाकली असणार, असा निष्कर्ष मी तीन मिनिटांत काढला आणि चाहत्यांच्या परदेशी संकेतस्थळावर लांबलचक निषेध लिहिला. गाण्यांचे शब्द टाकून शोधावं, हे काही सुचलं नाही. खात्री असली की माणूस शोधायला जात नाही.

तर आठवडा उरला असताना, रविवारी, बायकोने फर्मान काढलं. मुलीकडे लर्निंग लायसन्स आहे, जाण्याआधी तिचा हात बसव. रविवारी मानेसरच्या कारखान्यांमधले रस्ते मोकळे असतात. बसेस नाहीत, ट्रक नाहीत, अर्धं गुडगाव तिथे गाडी शिकायला येतं. निघताना बायको मला बाजूला घेऊन म्हणाली, "क्लच आणि ब्रेक सोडून दुसऱ्या कुठल्या विषयावर तोंड उघडू नकोस." मी म्हटलं, बिल्कुल नाही.

गाडी चालवताना हेडफोन घालता येत नाही, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. हायवेवर गाडी मी चालवली. आत वळल्यावर जागा बदलल्या. ती स्टिअरिंगवर बसली, आरसे नीट केले, फोन गाडीला जोडला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "जो चालवतो त्याची गाणी." आणि चौथा अल्बम लावला, पहिल्यापासून.

मी गप्प बसलो. हात हँडब्रेकवर, नजर समोर. पांढरा कोट येऊन गेला, मी गप्प. ती दोनदा गाडी बंद पाडून बसली, एकदा एका गाईला रस्ता देण्यासाठी इतकी थांबली की गाय कंटाळून बसली. तरी मी गप्प. तिसरं, चौथं, पाचवं गाणं झालं. मनात येत होतं की बरंय की हे, पण तसं म्हणायलाही तोंड उघडावं लागलं असतं.

मग सहावं सुरू झालं. पहिल्या दोन ठोक्यांतच अंगावर सर्रकन काटा आला. हे माझं गाणं होतं. तिसऱ्याचं नववं.

"हे तिसऱ्यातलं आहे," मी म्हणालो.

"चौथ्यातलं आहे, बाबा. सहावं."

"मग कंपनीने तिकडून काढून इकडे घातलंय. मी म्हणत होतोच!"

तिने गाडी बाजूला घेतली. व्यवस्थित घेतली, इंडिकेटर देऊन. तेवढ्यात सातवं लागलं, आणि तेही माझंच निघालं. तिने फोनवर काहीतरी बघितलं आणि हळू आवाजात म्हणाली, "ही पहिल्यापासून चौथ्यातच आहेत. तुझी ती कॅसेट कुठून आली होती?"

कॅसेट मला शाळेतल्या मित्राने भरून दिली होती. आम्ही दोघं पहाडगंजच्या मराठी शाळेत एका बाकावर होतो. त्याचे वडील फौजेत, मूळ साताऱ्याकडचे, राहायला दिल्ली कँटमध्ये. त्याच्या मोठ्या भावाकडे अल्बमच्या अस्सल कॅसेट होत्या आणि दोन कॅसेटचा टेपरेकॉर्डर. कोरी कॅसेट मी दिली, त्याने एका बाजूला दुसरा अल्बम भरला, दुसऱ्या बाजूला तिसरा. वर पेनाने नुसतं "२" आणि "३" लिहिलेलं. मी त्याला तिथूनच फोन लावला, स्पीकरवर.

तो आता पुण्यात असतो. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अरे, तिसरा अडतीस मिनिटांत संपला. बाजू पंचेचाळीसची. सात मिनिटं कोरी राहत होती. आमच्या घरात भाताचं शीत वाया जात नाही, टेप कशी जाईल? भावाकडे नवीन चौथा आला होता, त्यातली सात मिनिटांत बसणारी दोन शोधून भरली."

"आणि मधले चार सेकंद?"

"मी कॅसेट बदलत होतो."

"आवाज मोठा होतो तो?"

"आई हाक मारत होती, गडबडीत बटण फिरलं असेल. पण हे मी तुला तेव्हाच सांगितलं होतं की."

"कधी?"

"कॅसेट देतानाच. तू ऐकतोस कुठे?"

फोन ठेवला. मला आठवलं, माझ्या त्या निषेधाखाली एका परदेशी चाहत्याने सभ्यपणे लिहिलं होतं की ही दोन गाणी चौथ्या अल्बममधली तर नाहीत ना? मी त्याला ब्लॉक केलं होतं. वीस वर्षं दुसऱ्यांचा माल नमुन्याशी ताडून बघणाऱ्या माणसाने आपला नमुना कुठून आला हे एकदाही तपासलं नव्हतं. नाकाने कांदे सोलायचे तर निदान ते आपल्या घरचे तरी असावेत.

आता ही हसणार, असं वाटलं. हसायला हवं होतं, तिचा हक्क होता. मीच हसून सुरुवात केली, "घ्या! तुझा बाप म्हणजे..." पण ती हसत नव्हती. दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच ठेवून समोर बघत होती. गाडी बंद होती तरी.

"बाबा, त्या दिवशी मी ही दोन वाजवणार होते."

"कुठल्या दिवशी?"

"मैत्रिणी आल्या होत्या तेव्हा. पहिलं ते टीव्हीवालं फक्त हात गरम करायला घेतलं, सोपं आहे म्हणून. ही दोन बसवायला मला दोन महिने लागले होते. तू म्हणायचास ना, शेवटची दोन ऐक म्हणजे कळेल. तू गुणगुणायचास त्यावरून मी ओळखली होती. मला वाटलं, अल्बमचा नंबर बाबा चुकला असेल, काय फरक पडतो. वाजवलं की खूश होईल."

बायकोने पुढचं ऐकलं असतं तर पेढे वाटले असते. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "चुकलो गं. फार चुकलो." डोळे पुसले, तर तिने टिश्यूचा डबा पुढे केला आणि ती परत समोर बघायला लागली. सातवं गाणं केव्हाच संपलं होतं, आठवं चालू होतं, आणि ते मी त्याआधी कधीच ऐकलेलं नव्हतं.

"आता वाजवशील?" मी विचारलं.

"गिटार कालच पॅक झाली. उद्या ट्रान्सपोर्टवाला येणार आहे."

"हो. बरोबर."

तिने गाडी सुरू केली, पहिला गिअर टाकला. या वेळी गाडी बंद पडली नाही. गेटांमागून गेटं गेली. चौकात थांबल्यावर ती म्हणाली, "घरी गेल्यावर तो खोका उघडून दे. तूच बांधलायस, इतकी टेप मारलीयेस की मला नाही निघायची."